कातळाला विचारलेला प्रश्न

‘मोकळ्या मनाचा माणूस’ असं आपण ज्याला म्हणतो, तो बहुधा पोटात काही न ठेवणारा, कुणाबद्दल अढी न धरणारा असतो. गुण मोठाच. पण ‘खुल्या मनानं विचार करा’ असं सांगताना आपण वेगळंच काही मागत असतो, आणि ते नेमकं काय, हे क्वचितच स्पष्ट होतं. सगळ्यांचं ऐकून घ्यावं, कुणालाच चूक म्हणू नये, स्वतःचं ठाम मतच ठेवू नये, असा त्याचा सोयीचा अर्थ लावला जातो. भूशास्त्राची अभ्यासक म्हणून मला तो पटत नाही. ठाम मतांशिवाय कुठलंच शास्त्र एक पाऊल पुढे जात नाही. आपलं मत कोणत्या पुराव्यानं मोडेल हे आधीच सांगता येणं, आणि तो पुरावा समोर आला की मत खरोखर मोडू देणं, याला मी खुलेपणा म्हणते. या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम दाखला आपल्या पायाखालच्या काळ्या कातळात आहे.

नागपूरजवळच्या कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात. जिभेसारखं लांबट पान, मधोमध शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीदार बारीक शिरा. हीच पानं दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेतही सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यात, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीशी ओलांडतो त्या भागात, इरई इथे चुनखडकावर हिमनदीनं ओढत नेलेल्या दगडांचे सरळ चरे आहेत; त्यांची नोंद १८७५ साली झाली. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये असे विखुरलेले पुरावे एकत्र मांडले आणि खंड एकेकाळी जोडलेले होते, पुढे ते सरकत दूर गेले, असं प्रतिपादन केलं. शाळेत आपण शिकतो तो हाच भूखंडवहनाचा सिद्धांत. बहुतेक भूशास्त्रज्ञांनी तो फेटाळला.

इथे विरोधकांची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. वेगेनर यांनी खंड सरकवणारी म्हणून जी बलं सुचवली, ती त्या कामाला अगदीच अपुरी आहेत, हे केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणितानं दाखवलं आणि त्यांचं गणित बरोबर होतं. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं, हा वेगेनर यांचा अंदाजही चुकीचा होता. खंडांची खरी चाल वर्षाला काही सेंटिमीटर एवढीच. म्हणून १९२५ च्या सुमारास भूखंडवहन न मानणाऱ्याला मी बंद मनाचा म्हणणार नाही. बंदपणा दिसतो तो दुसरीकडे. दूरदूरच्या खंडांवर एकच वनस्पती कशी, याचं उत्तर म्हणून अनेक विरोधक महासागरात बुडालेल्या भूसेतूंकडे बोट दाखवत. पण खंडांचा खडक सागरतळाच्या खडकाहून हलका असतो, तो खाली बुडून नाहीसा होऊ शकत नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. म्हणजे वेगेनर यांना यंत्रणा दाखवा म्हणायचं आणि आपल्या भूसेतूंना मात्र तोच प्रश्न विचारायचा नाही. याला आपल्याकडे मापात पाप म्हणतात. ते करणारी माणसं विद्वान होती, सचोटीची होती, आणि म्हणूनच हा दाखला मला महत्त्वाचा वाटतो.

कोंडी फुटली ती दोन्ही पक्षांना ‘नाही’ म्हणू शकेल असा प्रश्न सापडला तेव्हा. लाव्हा थंड होताना त्यातले चुंबकीय खनिजांचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवतात. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते. उत्तरेकडे जावं तसं तिचं उत्तर टोक खाली झुकतं, दक्षिणेकडे जावं तसं वर उचललं जातं. म्हणजे खडक कोणत्या अक्षांशावर थिजला, हे त्यालाच विचारता येतं. भारत जागचा हलला नसेल तर सह्याद्रीच्या बेसाल्टनं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळानं, उत्तरेचा कल दाखवायला हवा. वेगेनर बरोबर असतील तर दक्षिणेचा. १९५१ च्या सुमारास केंब्रिजमध्ये टेड आयर्विंग या तरुण संशोधकानं, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या सल्ल्यानं, भारतीय खडकांना ही कसोटी लावली. १९५६ मध्ये लंडनच्या जॉन क्लेग यांच्या गटानं, आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी दख्खनचे खडक तपासले. हा लाव्हा थिजला त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते, तो गुंताही सोडवावा लागला. उत्तर दक्षिणेचं आलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला, तेव्हा आजचा महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास तीस अंशांवर होता.

या उत्तरापुढे माणसं कशी वागली? कॅनडाचे टुझो विल्सन पन्नाशीपर्यंत भूखंडवहनाच्या विरोधात होते. पृथ्वी निवत आकसते आणि त्यातून पर्वत उठतात, असं मानत होते. पुरावे साचत गेले तसं त्यांनी मत बदललं, आणि १९६५ मध्ये भूपट्ट एकमेकांना घासत कसे सरकतात हे दाखवणारा मूलभूत निबंध लिहिला. जेफ्रीज मात्र १९८९ मध्ये वारले, तोवर विरोधातच राहिले. पुराव्यानुसार आपला विश्वास किती कमी-जास्त करावा, याचं गणित मांडणाऱ्या विसाव्या शतकातल्या अग्रणींपैकी ते एक. ते गणित जाणणं आणि ते स्वतःच्या मताला लावणं यांत केवढं अंतर असतं, ते इथे दिसतं.

आता नेहमीचा आक्षेप: उद्या कुणी ग्रहांच्या युतीवरून भूकंपाचं भाकीत केलं, तर तेही खुल्या मनानं ऐकायचं का? जरूर ऐकावं, आणि लगेच विचारावं: कोणत्या तारखेला, कुठे, किती तीव्रतेचा? तसं घडलं नाही तर दावा मागे घ्याल का? वेगेनर यांचा सिद्धांत अशा कसोटीला उतरला. ‘येत्या काही महिन्यांत कुठेतरी हादरा बसेल’ हे विधान कधीच चुकू शकत नाही, आणि जे चुकूच शकत नाही त्याला दार उघडण्याचं बंधन खुल्या मनावर नाही.

हा सगळा विषय निव्वळ अभ्यासिकेतला नाही. दक्षिण भारताचं पठार प्राचीन, स्थिर, भूकंपाचं भय नसलेलं, असं आमच्या विषयात दीर्घकाळ मानलं गेलं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरलं. त्यानंतर १९७० मध्ये भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा सुधारला, कोयनेचा धोक्याचा पट्टा बदलला; पण पठाराच्या बऱ्याच भागाविषयीची मूळ समजूत टिकून राहिली. पठारावरचं किल्लारी हे गाव या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होतं. १९९२ च्या ऑक्टोबरपासून तिथे धक्के जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदांची जड मातीची छपरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार जीव गेले. नकाशातला तो पहिला पट्टा २००२ मध्ये रद्द झाला. कोयनेपासून मोजलं तर पस्तीस वर्षांनी.