दोन वाटा, एक चिलखत

नवी मोटारसायकल घेतली की आमच्या धर्मग्रामातील तरुणाचा पहिला मुक्काम चर्चच्या पटांगणात असतो. गाडीला झेंडूची माळ असते, हॅण्डलला संत ख्रिस्तोफरचे पदक असते, मागे आईवडील व धाकटी भावंडे उभी असतात. आम्ही प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडतो आणि मग हळूच विचारतो, "हेल्मेट खंय रे?" उत्तर बहुधा ठरलेले असते : "फादर, ह्या गरमेत डोक्यार मडकी कोण घालतलो?" सारे हसतात. आम्हांसही हसू येते, पण ते फार वेळ टिकत नाही. कारण अशाच एका मुलाचा अंत्यविधी आम्हांस भर पावसाळ्यात करावा लागला. तो कामानिमित्त रोज गोव्यास ये-जा करीत असे आणि महामार्गावर नेमाने हेल्मेट घालीत असे. गाव आला म्हणून त्याने ते काढून आरशाला अडकवले आणि घरापासून हाकेच्या अंतरावर, शेवाळलेल्या वळणावर, अगदी मंद वेगात गाडी घसरली. त्या हेल्मेटावर ओरखडाही नव्हता.

सिंधुदुर्गात दुचाकी चालवणे म्हणजे एकाच दिवसात दोन वाटांचा प्रवास. मिस्सा आटोपून एखाद्या आजाऱ्यास ख्रिस्तशरीर देण्यास निघावे, तर आधी डांबरी रस्ता लागतो, मग जांभ्या दगडाचा सडा, पुढे पाणंद, वहाळ आणि शेवटी किनाऱ्याची रेती. या दोन वाटांवरचे पडणे सारखे नसते. डांबरावर माणूस क्वचित पडतो, पण वेगात पडतो आणि फरफटत जातो. तेथे घर्षण हा वैरी. कच्च्या वाटेवर तो हळू पडतो, पण वारंवार पडतो. तेथे चिऱ्याची धार गुडघा शोधते आणि गाडीखाली घोटा सापडतो. म्हणून डांबरासाठी सहज न फाटणारे जाड कापड हवे, तर कच्च्या वाटेसाठी सांध्यांवर भक्कम कवच आणि अंगाला वारा हवा. आपली कोणती वाट अधिक, हे ज्याने त्याने आधी ठरवावे, खरेदी त्यानंतर.

डोके मात्र दोन्ही वाटांवर एकच असते. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये, 'अरेबियाचा लॉरेन्स' म्हणून ख्यातनाम झालेला टी. ई. लॉरेन्स सायकलवरील दोन मुलांना वाचवताना मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्या डोक्यावर काही नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले, त्यांनी जखमी मोटारसायकलस्वारांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटाचे महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. तेथील सामान्य नागरिकांसाठी मात्र ही सक्ती १९७३ साली आली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालविणारा व मागे बसणारा, दोघांसही हेल्मेट आवश्यक ठरविले आहे. तरीही २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातांत दगावले, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते.

हेल्मेट घेताना आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहावा. ते हनुवटीसह पूर्ण चेहरा झाकणारे असावे. भुवयांच्या जरा वर फीत धरून डोक्याचा घेर मोजावा. घातल्यावर गाल किंचित दाबले जावेत. पट्टा आवळून मागून वर ढकलले असता ते डोक्यावरून निसटू नये. पट्टा न लावलेले हेल्मेट म्हणजे दोर नसलेला नांगर. वेळ आली की ते आपल्या वाटेने जाते. आतील थर्माकोलसारखा थर स्वतः चेपून आघात शोषतो आणि तो एकदाच चेपतो. म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट वरून कितीही धडधाकट दिसले तरी बदलावे. पुढे चोच असलेले हेल्मेट सड्यावर उन्हापासून बचाव करते, पण महामार्गावर तिच्यात वारा भरतो आणि मान दुखते. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत बकल गंजते व पावसात अस्तराला बुरशी येते. तेव्हा अस्तर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. रात्री काळी काच वापरू नये.

त्यानंतर हात. पडणारा माणूस आपोआप तळहात पुढे करतो, म्हणून तळव्याला चामडे असलेले हातमोजे घ्यावेत. त्यानंतर पाय. गमबूट पाणी अडवतो, घोटा सांभाळत नाही; चपलेविषयी तर बोलायलाच नको. घोट्याच्या वर जाणारा, बांधता येणारा भक्कम बूट हवा. मग गुडघे व कोपरे यांची कवचे, आणि शेवटी जाकीट. चामड्याचे जाकीट थंड मुलखात शोभते; आपल्या दमट हवेत जाळीदार कापडाचे, खांद्यांवर, कोपरांवर व पाठीवर कवच असलेले जाकीट बरे. ते अंगाला बेताचे घट्ट असावे. सैल जाकिटातले कवच ऐन वेळी जागेवरून सरकते. पावसाळ्यात रेनकोट त्यावरून घालावा. खिसा लहान असेल तर खरेदी याच क्रमाने, थोडी थोडी करावी. आम्ही स्वतः झगा घडी करून पिशवीत ठेवतो, कारण चाकाला धर्मगुरूचा झगा आणि सुनेचा पदर यांतील भेद कळत नाही. मागच्या चाकाचे जाळीचे आच्छादन म्हणूनच काढून टाकू नये. ते कायद्यानेही आवश्यक आहे.

काही भाविक म्हणतात, "देव राखणदार असताना एवढा बंदोबस्त कशाला?" संत पौलाने बंदिवासातून इफिसकरांस लिहिताना श्रद्धेच्या जीवनाला सैनिकाच्या शस्त्रसामग्रीची उपमा दिली, तीत शिरस्त्राणही आहे. ज्याने तारणासाठी ही उपमा निवडली, त्याला डोक्याची किंमत ठाऊक होती. शरीर ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे, आणि ठेवीची निगा राखणे हा अविश्वास नव्हे.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलाच्या गाडीचा हिशेब दुकानात मांडताना हेल्मेट, हातमोजे आणि बूट यांची किंमत त्याच कागदावर लिहावी. त्यापायी गाडी थोडी स्वस्तातली घ्यावी लागली तरी चालेल. आणि हेल्मेट एक नव्हे, दोन घ्यावीत. रविवारी मिस्सेला येताना मागे आई बसलेली असते.