खरे अनाथ किती?

"बाई, यातले खरे अनाथ किती?" पुण्याहून आलेल्या मॅडमनी हे विचारलं तेव्हा मुलं समोरच ओळीनं बसली होती. मला अजून राग येतो तो प्रश्नाचा, आणि तो मुलांदेखत विचारल्याचा तर जास्तच.

बीड जिल्ह्यातलं आमचं बालगृह लोकांच्या देणगीवर चालतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथला हिशेब लिहिते, पावत्या फाडते, संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेते. मुलं कशी येतात ते इकडच्या माणसाला सांगायला नको. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा गेला, कर्जापायी म्हणा की दारूपायी, की एकट्या बाईला मुकादम पूर्ण आगाऊ उचल देत नाही. ती अर्ध्या कोयत्यावर कुणाच्या तरी टोळीत जाते, दिवाळीच्या सुमारास निघते आणि गळीत संपल्यावरच परतते. घरी म्हातारी सासू असली तर पोरं तिच्याजवळ, नाहीतर बालकल्याण समितीपुढे नेऊन आमच्याकडे. पालक जिवंत आहेत पण सांभाळू शकत नाहीत, अशा मुलालाही २०१५च्या बाल न्याय कायद्यानं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूलच मानलं आहे. हे मी मॅडमना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण आम्हाला ज्यांना कुणीच नाही त्यांनाच द्यायचंय."

मॅडमनी आणलेले कपडे चांगले होते, हे सांगायला हवं. अस्तर लावलेले फ्रॉक, पक्क्या शिवणीचे शर्ट. सासूबाईंच्या वर्षश्राद्धानिमित्त द्यायचे होते आणि सगळ्यांना पुरणार नव्हते. मी म्हटलं, ठेवून जा, गरज बघून आम्ही देतो. पण फोटो काढायचे होते. आमचे भाऊ, म्हणजे संस्था चालवणारे, गप्प राहिले, कारण किराण्यातला मोठा वाटा याच मॅडमकडून येतो. मग मॅडमनीच पुढे होऊन सांगितलं, "ज्यांना आई किंवा बाबा आहेत त्यांनी हात वर करा बरं."

दुसरीतली एक मुलगी हात वर करून थांबली नाही, सरळ उभी राहिली. वर्गात उत्तर येत असलं की मूल उठतं तशी. "माजी आई हाये. कारखान्यावर गेलीय!" तिला वाटलं, आई असणाऱ्यांना काहीतरी मिळणार. मॅडम म्हणाल्या, "शहाणी ग बाळ. तू तिकडे भिंतीशी बस." ती हसत जाऊन बसली. पिशव्या उघडल्या, पहिला फ्रॉक दुसऱ्या मुलीच्या हातात गेला, तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती रडली नाही. आपल्याच फ्रॉकची बाही दोन्ही हातांनी ओढत राहिली, उसवलेली शिवण झाकावी म्हणून.

तिच्यामागचे वर आलेले हात एकेक करून खाली गेले. मग एका मुलाची पाळी आली. त्याची आई मला चांगली ठाऊक आहे. फडावरून आली की पहिल्याच रविवारी भेटायला येते, फडक्यात शेंगदाण्याचे लाडू बांधून आणते, आणि पाचटानं चिरलेले तिचे हात बघवत नाहीत. मॅडमनी विचारलं, "तुला कोण आहे?"

"कुणी नाय."

"आई?"

"मेली."

त्याला शर्ट मिळाला. माझ्यासमोरून गेला तो मान खाली घालून. मी काही बोलले नाही. काय बोलणार होते, शर्ट काढून घेऊ? पोर खोटं बोललं म्हणून मला त्याचा राग नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला एका शर्टासाठी आईला मारावं लागलं, आणि ते आम्ही मोठी माणसं उभी राहून बघत होतो.

राग भाऊंचाही आला. 'या मुलांचं जगात कुणी नाही,' असं आमच्याच आवाहनपत्रकावर छापलेलं आहे. त्यांचं म्हणणं, "बाई, आई ऊसतोडीला गेलीय असं लिहिलं तर लोक म्हणतात, मग आईनंच सांभाळावं. तेलाचा डबा येत नाही दारात." हे खोटं आहे असं मला म्हणता येत नाही, जमेची बाजू मीच लिहिते. दिवाळीत एकाच दिवशी चार ठिकाणांहून फराळ येतो, चिवडा सादळून जातो. जूनमध्ये वह्या, दप्तरं, खरजेचं औषध, लाइटबिल हे सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा फोन कुणाचाच नसतो. वाढदिवसाला केक आणू का विचारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, सिलिंडरचे पैसे द्या, तूरडाळ द्या. आणि मुलांचे फोटो काढून कुठे टाकू नका, अशा मुलांची छायाचित्रं प्रसिद्ध करायला कायद्याच्या ७४व्या कलमानं मनाई आहे.

आणखी एक सांगते. एकट्या आईच्या मुलासाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. त्यासाठी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, आणि तालुक्याला, जिल्ह्याला हेलपाटे. रोज बुडवून हे करणं त्या बाईला जमत नाही. कुणी देणगीदारानं कपड्यांऐवजी या हेलपाट्यांचं भाडं आणि बुडालेला रोज दिला, तर काही पोरं आमच्याकडे यायचीच नाहीत. हे मी तावातावानं बोलते खरी, पण गळिताच्या दिवसांत तेवढ्या पैशांवर आई गावात थांबेल याची मला खात्री नाही. आणि आईबरोबर फडावर गेलेलं पोर वाढं गोळा करत बसतं, धाकट्याला सांभाळतं, आणि शाळा सुटते ती सुटतेच. आमच्याकडे निदान दोन वेळचं जेवण आणि पाढे आहेत.

कपडे वाटले त्या रात्री मी भाऊंना म्हटलं होतं, या मॅडमचं काही घेऊ नका. पुढच्या महिन्यात डाळ संपत आली तेव्हा मॅडमना फोन मीच केला. त्यांनी दोन दिवसांत पोती पाठवली, पावतीसुद्धा मागितली नाही. कपडे आता कुणीही आणोत, ते ऑफिसात ठेवून घ्यायचे आणि मापं बघून आम्ही मागाहून वाटायचे, एवढं भाऊंकडून कबूल करून घेतलं आहे. पत्रक मात्र त्यांनी बदललेलं नाही.