मुका खांब आणि डीसी



दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दहा दिवस वाचले जातात. त्या चौरंगासाठी मी क्रोशाचा गोल रुमाल विणायला घेतला आहे. तो बघून तिघीचौघींनी विचारलं, इंग्रजी नमुना वाचायचा कसा? म्हणून हे लिहिते.

माझ्या आईच्या वहीत साखळी, मुका खांब, खांब, दोन वेढ्यांचा खांब असे शब्द होते. नाव घेतलं की टाका डोळ्यांपुढे येतो. मुका खांब बुटका, आधी वेढा न घेता केलेला. खांबाला आधी सुईवर एक वेढा. इंग्रजी नमुन्यात नुसती अक्षरं, आणि घोळ तिथेच. अमेरिकन नमुन्यातला एससी, म्हणजे सिंगल क्रोशे, हा आपला मुका खांब. ब्रिटिश नमुन्यात त्यालाच डीसी, डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकन डीसी मात्र आपला पूर्ण खांब! कॉमर्सवालीला हे पटकन कळेल. आपल्या कॅशबुकात जी डेबिट, ती बँकेच्या पासबुकात क्रेडिट, रक्कम तीच. तेव्हा नमुना कुठल्या देशाचा ते आधी बघा. लिहिलेलं नसेल आणि एससी दिसला, तर तो सहसा अमेरिकन.

मला विचाराल तर आकृतीच बरी. लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी म्हणजे अर्धा खांब. टीच्या दांडीवर एक तिरकी रेघ असली की खांब, दोन असल्या की दोन वेढ्यांचा. गोल रुमाल मधून सुरू करून घड्याळाच्या उलट दिशेने वाचत जायचं. जपानी पुस्तकातलं अक्षरही कळत नाही, पण आकृतीवरून रुमाल होतो.

दोऱ्याचं लेबलही वाचा. बिस्किटाच्या पुड्यावर आपण हिरवा ठिपका शोधतो, इथे तो नसतो. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. मेरिनो मेंढीची, अंगोरा सशाची. 'आर्ट सिल्क'मधलं आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल. ते सहसा रेयॉन. पण 'मलबरी सिल्क' लिहिलं असेल तर खरं रेशीम, आणि ते बहुतेक वेळा किडा कोशातच मारून काढलेलं असतं. देवाच्या कामाला रेशीमच शोभतं, असं आमच्यातल्या एक आजी म्हणतात. त्यांचा मान ठेवूनही मला ते पटत नाही. सातव्या अध्यायात अहिंसाव्रत वाचायचं आणि ग्रंथाखाली रेशीम अंथरायचं? मी शंभर टक्के कॉटन घेतलं, पांढरं. सगळे गोळे एकाच लॉट नंबरचे घ्या बरं का, पांढऱ्यातही छटा पडतात.

आता फक्त काठ उरला आहे. आकृती मोठी करून वहीत काढली आहे, प्रत्येक खुणेपुढे आईचा शब्द आणि दोन्ही देशांची अक्षरं लिहिली आहेत. स्वाध्यायाला येताना वही आणते, ज्यांना हवी त्यांनी उतरवून घ्या.