अबू हमूरचा शुक्रवार

मंडळी, दोह्यात अबू हमूर म्हटलं की आपल्याला आठवतात ते मॉल आणि आठवड्याचा किराणा. पण शुक्रवारी सकाळी इथली गर्दी वळते ती चर्च कॉम्प्लेक्सकडे. तेव्हाचे अमीर शेख हमद यांनी जागा दिली आणि मार्च २००८ मध्ये 'अवर लेडी ऑफ द रोझरी' हे कॅथलिक चर्च इथे सुरू झालं. बाहेरून क्रॉस नाही, घंटा नाही. नवख्याला मोठं सभागृहच वाटेल! रविवार इथे कामाचा, त्यामुळे प्रार्थनेची खरी गर्दी शुक्रवारी.

माझे एक वसईकर सहकारी तिथल्या सेवागटात आहेत. घरी अस्सल मराठी बोलणारे. फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे अजून अभिमानाने सांगतात. मी ख्रिस्ती नाही, पण त्यांच्याबरोबर अधूनमधून जातो.

पॅरिशमधून अशी सेवा करायची रीत जुनी आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन काम सुरू केलं. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. पद्धत साधी: गरिबाला आपल्या दारी बोलवायचं नाही. दोघांनी मिळून त्याच्याकडे जायचं, बसायचं, ऐकायचं. हा गटही तसंच करतो.

इथला गरीब हात पसरत नाही. त्याला नोकरी आहे, डोक्यावर हेल्मेट आहे, आणि तो आपल्याच साइटवर असतो. मार्च २०२१ पासून किमान पगार १००० रियाल झाला. मालकाने राहणं-जेवण दिलं नाही तर वर ५०० आणि ३००. पण गावाकडे एजंटला भरलेल्या पैशांचं कर्ज पहिल्या पगाराच्या आधीच दारात बसलेलं असतं. त्यात पगार थकला की संपलंच.

गेल्या खेपेला नांदेडकडचा एक स्टील फिक्सर भेटला. तीन महिने पगार नाही. आम्हाला चहा दिला, आणि पैशाचं नावही न काढता कागद पुढे केला. "साहेब, यात काय लिहिलंय तेवढं सांगा." करारपत्र अरबी आणि इंग्रजीत! आम्ही ओळ न् ओळ मराठीत सांगितली. कामगार तंट्यांसाठी २०१८ पासून इथे समित्या आहेत, आपल्या दूतावासाच्या छत्राखाली आयसीबीएफ आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. तक्रार दाखल झाली. पगार अजून यायचाय.

इथे परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. पण कागद वाचून दाखवायला पावती फाडावी लागत नाही. आपल्या मंडळात इंजिनिअर आहेत, अकाउंटंट आहेत, नर्स आहेत. गणपती, दिवाळी पहाट आपण झोकात करतोच. महिन्यातल्या एका शुक्रवारचे दोन तास काढले, तर नांदेडच्या माणसाला आपलं मराठी ऐकायला चर्चच्या गटाची वाट बघावी लागणार नाही. बघा, जमतंय का?