तीन सह्यांचं खातं

खानदेशात थंडी पडते, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पटत नाही. जो जिल्हा उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर नेतो, त्याने हिवाळ्यात तरी गप्प बसावं, असा त्यांचा न्याय असतो. अशा पाहुण्याला मी डिसेंबरात एरंडोलला बोलावतो आणि पहाटे सहाला आंघोळीला पाठवतो. तो हुडहुडत बाहेर येतो तेव्हा त्याचं मत बदललेलं असतं. यात थंडीइतकाच वाटा आमच्या गॅसच्या गीझरचा आहे.

पूर्वी आमच्याकडे तांब्याचा बंब होता. तो मागच्या अंगणात असायचा. पऱ्हाट्या मोडायच्या, त्याच्या पोटात सारायच्या, डोळे चोळायचे आणि पाणी काढायचं. बंब कधी बिघडला नाही, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. पुढे पऱ्हाट्या मिळेनाशा झाल्या आणि आईला धूर सोसेना. तेव्हा फेस्टिव्हल अॅडव्हान्स काढून मी गीझर आणला आणि बाथरूमच्या भिंतीवर लावला.

"बंब अंगणात असायचा. हा घरात कशाला रे?" आईने विचारलं.

"आई, आता जमाना बदलला," मी म्हणालो. माणसाजवळ उत्तर नसलं की तो जमान्याला पुढे करतो.

मी कॉमर्सचा पदवीधर. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला संपला आणि दोघांनाही त्याचं दुःख झालं नाही. तरीही दोन हिवाळ्यांत मला जे गीझरशास्त्र आलं, ते बँकेच्या भाषेत असं: गॅसचा गीझर म्हणजे तीन सह्यांचं जॉइंट खातं. पाणी, गॅस आणि सेल. तिघांपैकी एकाची सही नसली, की चेक परत.

सेलची सही तपासायला सगळ्यात सोपी. नळ सोडला की गीझरने टकटक करायला हवं. टकटक मंद असेल किंवा मुळीच नसेल, तर बॅटरीतले असतात तसले दोन मोठे सेल बदलावेत. हे मला मेकॅनिकने एकदा येऊन सांगितलं आणि त्या ज्ञानाचे पैसे घेतले. सेल बदलताना त्यांच्या डब्यातल्या पट्ट्यांवर जमलेला पांढरा थरही खरवडावा, हे त्याने दुसऱ्या खेपेला सांगितलं. पैसे पुन्हा घेतले.

टकटक आहे पण आग नाही, तर गॅसची सही नाही. सिलिंडर संपलेलं असतं, नाहीतर आमच्या हिने रात्री झोपताना रेग्युलेटर बंद केलेला असतो. नवं सिलिंडर लावलं की नळीतली हवा निघून जाईपर्यंत दोन-तीनदा नळ सोडावा लागतो. अशा वेळी माणूस टॉवेलावर असतो आणि त्याला धीर धरवत नाही.

सगळ्यात तऱ्हेवाईक खातेदार म्हणजे पाणी. पाण्याच्या दाबाने गीझरमधला एक पडदा हलतो, तो हलला की गॅसची वाट उघडते. दर 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण 1 किलो दाब मिळतो. आमची टाकी शॉवरच्या जेमतेम 2 मीटर वर. म्हणजे आमच्या वाट्याला 200 ग्रॅम! एवढ्यात भाजीवालासुद्धा हलत नाही, पडदा काय हलणार? त्यात आमचं बोअरचं पाणी जड. त्याच्या क्षारांनी पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी आणि शॉवरची भोकं बुजून जातात. मी टाकी विटांच्या चौथऱ्यावर चढवली, जाळी काढून घासली, शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. मग पडदा हलू लागला. पण अंगाला साबण लावलेला असताना स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला, तर तो अजूनही पडतो. पडदा पडल्यावर नाटकातल्या पात्राला निदान विंगेत जाता येतं.

पाणी जास्त गरम हवं तर धार बारीक करावी, हा नियम. पण फार बारीक केली की दाब जातो आणि गीझर विझतो. कर्ज देण्याच्या अटी मी रोज वाचतो, पण याहून चतुर अट मी पाहिलेली नाही.

आता खर्च. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आम्ही गावकरी मानतो. भीमाने बकासुराला मारलं ते इथल्याच पद्मालयाच्या रानात. बकासुर मेला, हे मी लहानपणापासून मान्य करत आलो होतो. पण 14.2 किलोचं सिलिंडर महिना उलटायच्या आत खडखडलं, तेव्हा मला पहिली शंका आली. 6 लिटरचा गीझर पूर्ण आगीवर तासाला साधारण 1 किलो गॅस खातो. त्यात आमचे चिरंजीव शॉवरखाली अख्खं गाणं म्हणतात, तेही दोनदा.

गेल्या जानेवारीत बाथरूमच्या खिडकीतून असा बोचरा वारा येऊ लागला, की मी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून खिडकीला चिकटपट्टीने पक्का लावला. काम इतकं सुबक झालं, की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. आणि नवल म्हणजे गीझर पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागू लागला. टकटक, भप्प, गरम पाणी. आठ दिवस एक तक्रार नाही. ज्योत तेवढी निळ्याची पिवळी झाली होती. समईची ज्योतही पिवळीच असते. मला ती मंगल वाटली.

आई आंघोळ करताना रामरक्षा म्हणते. घरातल्या सगळ्यांना ती त्यामुळेच पाठ झाली आहे. त्या रविवारी मी बाहेर पेपर वाचत होतो आणि रामरक्षा मध्येच थांबली. विसरली असेल, असं वाटलं. मग लक्षात आलं, की आई सगळं विसरेल, रामरक्षा विसरणार नाही.

मी दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं, ओरडलो. कडी निघायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मला पुन्हा कधी लागू नये.

"डोकं गरगरतंय रे," म्हणत ती हिच्या अंगावर कलली. तिला अंगणात मोकळ्या हवेत बसवलं, मग डॉक्टरांकडे नेलं. वेळेवर बाहेर आल्या, एवढंच ते म्हणाले. माझ्याकडे मात्र बराच वेळ पाहत राहिले.

दुपारी मेकॅनिकला बोलावलं. तो आत गेला आणि गीझरकडे न पाहता खिडकीकडे पाहू लागला.

"साहेब, खिडकी काबर बंद शे?"

"थंडी वाजते म्हणून," मी म्हणालो. बँकेत इन्स्पेक्शनला चूक सापडल्यावर जसा आवाज निघतो, तसा निघाला.

त्याने पुठ्ठा टरकन ओढून काढला. मी पैसे विचारले, तर म्हणाला, "पुठ्ठा काढाना काय पैसा लेऊ?" त्याने न घेतलेले ते पैसे मला सगळ्यात महाग पडले.

रात्री मी कागद घेऊन हिशेब केला. 1 किलो गॅस नीट जळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. आमचं बाथरूम 4 बाय 6 फूट, उंची 8. म्हणजे शिल्लक जेमतेम साडेपाच घनमीटर. त्यातूनच गीझर काढणार, त्यातूनच आंघोळ करणारा काढणार, आणि जिथून भरणा व्हायचा ती खिडकी मी सुबकपणे बंद केलेली. शिल्लक संपायचीही गरज नसते. ती थोडी घसरली तरी गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसचा वास हा गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. या दुसऱ्या वायूला वास नाही, रंग नाही, टकटक नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. पिवळी ज्योत ही त्याची नोटीस होती, आणि मी तिला नमस्कार करत होतो.

म्हणजे खातं तीन सह्यांचं नव्हतंच. चौथी सही हवेची. पहिल्या तिघांपैकी एकाची सही नसली तर चेक परत येतो, आणि आपण चिडतो. चौथी नसली तर चेक पास होतो. गीझर बंद पडला म्हणून मी दोन हिवाळे त्याला शिव्या दिल्या. भीती वाटायला हवी होती ती तो चालू असताना. आणि बकासुराच्या गोष्टीतला अर्धा भाग मी सोयीने विसरलो होतो. त्याला गाडाभर अन्नाबरोबर रोज एक माणूसही लागायचा.

दुसऱ्याच दिवशी गीझर काढून मागच्या अंगणात पत्र्याखाली लावला. गरम पाणी पाइपातून आत येतं, ज्योत पुन्हा निळी झाली आहे आणि खिडकीतून वारा सुखेनैव येतो. आई हे सगळं खुर्चीवर बसून पाहत होती.

"बंबाच्याच जागेवर आणून ठेवलास की," ती म्हणाली.

जमान्याबद्दल मी काही बोललो नाही.