झोन अकरा

मागचे दोन वीकेंड लिहिणं जमलं नाही. कारण हाताच्या पंजाहून थोडा मोठा असा एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा. त्याला वायरलेस रिसीव्हर म्हणतात, आणि तो बसवायला मी पुण्याहून कोंढ्याला गेलो होतो.

कोंढा कुठे? भंडारा जिल्हा, पवनी तालुका. ऑफिसमध्ये मी 'नागपूरजवळ' असं सांगून मोकळा होतो. पुण्याच्या हिशेबात वैनगंगेच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं नागपूरजवळच असतं. चहूकडे धान, दिवाळी झाली की गावोगावी मंडई, आणि मंडईच्या रात्री नाटक. अख्खं गाव पहाटेपर्यंत नाटकाला बसलेलं, घरं कुलूपबंद. म्हणजे चोरांचाही सीझन तोच. निदान बाबांना मी असंच सांगितलं होतं.

खरं कारण वेगळं होतं. ते पुढे येईलच.

आमच्याकडे अलार्म नवा नाही. 2013 साली आई-बाबा नातीसाठी तीन महिने पुण्याला येऊन राहिले, तेव्हा घर बंद राहणार म्हणून एक वायरवालं पॅनेल बसवून घेतलं होतं. पुढच्या-मागच्या दाराला चुंबकाचे सेन्सर, सपरीत कीपॅड, वर सायरन, आणि फोन लावायला सिमकार्डाचं एक मॉड्यूल. (हे मॉड्यूल टू-जीवालं. त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. गावातल्या दुकानदाराला हे पटवायला मला वीस मिनिटं लागली.) गेली चार वर्षं बाबा घरात एकटेच आहेत. मधल्या काळात उंदरांनी मागच्या दाराची वायर कुरतडली. पॅनेलला वाटायचं दार सताड उघडं आहे. बाबांनी त्यावर उपाय काढला: रोज रात्री तो झोन बायपास करायचा. आपण नाही का फेल होणारा टेस्ट केस कमेंट करून बिल्ड हिरवं करतो? तसंच. दोन वर्षं बिल्ड हिरवं होतं.

तर आता सगळीकडे नवी वायर ओढण्यापेक्षा रिसीव्हर लावायचा, असं ठरवलं. काम कागदावर सोपं आहे. रिसीव्हरमधून चार वायरी निघतात: लाल, काळी, पिवळी, हिरवी. कीपॅडच्या चार वायरी पॅनेलच्या ज्या चार स्क्रूंना लावलेल्या असतात, त्याच स्क्रूंना याही लावायच्या. दोन करंटच्या, दोन बोलण्या-ऐकण्याच्या. एकाच बसवर दोघे बसलेले, म्हणून प्रत्येकाला वेगळा पत्ता लागतो, आणि तो रिसीव्हरच्या आतल्या चिमुकल्या स्विचांनी ठरतो. स्क्रू खोलण्याआधी मेनचा करंटही काढायचा आणि बॅटरीची एक वायरही. नुसता मेन बंद केला तर पॅनेल बॅटरीवर जागंच असतं आणि चुकून दोन वायरी चिकटल्या की फ्यूज गेलाच. आधी गणितही करून घेतलं. पॅनेल, कीपॅड आणि रिसीव्हर मिळून पाव अँपियर धरा. बॅटरी सात अँपियर-तासांची. म्हणजे कागदावर अठ्ठावीस तास. बॅटरी जुनी आहे, निम्मे धरा. पावसाळ्यात आमच्याकडे लाईन जाते तेवढ्याला पुरतील.

शनिवारी सकाळी दहाला बसलो, साडेदहाला वायरी जोडून झाल्या. मग दुपारी दोनपर्यंत काहीही चाललं नाही. :-)

पहिली अडचण इन्स्टॉलर कोडची. ज्याने पॅनेल लावलं त्याने तो कोड कोणाला सांगितला नव्हता. या पॅनेलमध्ये सोय अशी की करंट काढून परत दिला की पहिल्या मिनिटाच्या आत दोन ठरावीक बटणं एकदम दाबायची, मग कोडशिवाय आत शिरता येतं. (चोराला पॅनेलचा डबा उघडायला तेवढा वेळ मिळत नाही, असं गृहीत धरलेलं असावं.) दुसरी अडचण पत्त्याची. पॅनेल म्हणे रिसीव्हर सापडत नाही. स्विच तीन वेळा तपासले. चौथ्यांदा चष्मा काढून माहितीपत्रक वाचलं, तर 'ऑन' म्हणजे शून्य आणि 'ऑफ' म्हणजे एक! ज्याने हे डिझाईन केलं त्याला एकदा भेटायचं आहे.

आणि तिसरी अडचण मी स्वतः निर्माण केली. वायरलेस सेन्सर पॅनेलला ओळखायला शिकवायचा, तर त्या झोनला जाऊन सेन्सर एकदा हलवायचा. म्हणजे दार उघडायचं किंवा बटण दाबायचं. पॅनेल त्याचा सिरियल नंबर उचलतं, दुसऱ्यांदा दाबून खात्री केली की नोंद पक्की. वायरवाले झोन आठ. म्हणून मागचं दार नऊ, सपरीतला मोशन दहा, आणि गळ्यात घालायचं इमर्जन्सीचं बटण अकरा. अकराच्या नोंदीला मी बटण हुडकत होतो, तेवढ्यात बाबा मागच्या दाराने पाणी फेकायला सांदवाडीत गेले आणि परत आले. उघडलं, मिटलं. दोनदा. पॅनेलने बिचाऱ्याने मागच्या दाराचा नंबर मुकाट्याने अकराला लावून टाकला. मी पाहिलंच नाही.

परिणाम संध्याकाळी कळला. बाबांनी दार उघडलं आणि सायरन. असा सायरन की शेजारच्या काकू हातात सराटा घेऊन आल्या, त्यांच्यामागे त्यांची सून, समोरचे दोघे, आणि रस्त्याने जाणारा कोणाचा तरी पाव्हणा. बाबा सपरीत उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "काही नाही, बाबू शिकून राहिला."

बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे मी.

आता खरं कारण. आषाढात बाबा न्हाणीत घसरून पडले. जुन्या घरांत असते तशी आमची न्हाणी घराला चिकटून नाही, सांदवाडीच्या टोकाला आहे. विटांच्या भिंती, वर टिन, दारही पत्र्याचं. दीड तास ते तिथे पडून होते. रोज सहाला सपरी झाडणारा माणूस दिसला नाही म्हणून साडेसातला काकूंनी हाक मारली, मग मागून येऊन पाहिलं. हाड मोडलं नाही, नशीब. पण मला हे कळलं महिन्याने, तेही काकूंच्या सुनेकडून. बाबांनी फोनवर रोज 'बरं आहे' म्हटलं होतं, आणि मीही रोज 'बरं' म्हणून ठेवून दिला होता.

'गळ्यात बटण घाला' म्हणालो असतो तर ते घालणार नव्हते. म्हणून मंडई, नाटक, चोर. अलार्म दुरुस्त करायचा म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

वाचकांपैकी कोणी आईवडिलांसाठी असलं काही घेणार असेल, तर एक सांगतो. बाजारात मिळणारी पुष्कळ स्वस्त बटणं आणि सेन्सर फक्त बोलतात, तेही दाबलं तरच. वर्षभर शांत राहिले तर सगळं ठीक म्हणून शांत की बॅटरी मेली म्हणून शांत, हे रिसीव्हरला कळायला मार्गच नाही. थोडे महाग घेतले तर सेन्सर ठरावीक वेळाने स्वतःहून 'मी आहे' असं कळवतो, आणि काही तास हाक आली नाही की पॅनेल तक्रार करतं. आपल्या भाषेत हार्टबीट. आमच्या भागातल्या लोकांना याचं महत्त्व निराळं सांगावं लागत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलातला 'जय' वाघ आठवतो ना? गळ्यात रेडिओ कॉलर होती, आणि एप्रिल 2016 मध्ये तिचा सिग्नल यायचा थांबला. कॉलर बिघडली, वाघ दूर गेला की वाघ मेला, यावर इकडे पानठेल्यांवर कितीतरी महिने वाद झाले. वाघ सापडला नाही.

असो. रविवारी सकाळी नोंदी नीट केल्या आणि रेंज टेस्टला बसलो. मागचं दार ठीक, मोशन ठीक, बटण ओसरीतून ठीक, आडावरून ठीक. न्हाणीतून काहीच नाही.

तुम्ही म्हणाल, चाळीस फुटांवर सिग्नल पोचत नाही? उघड्या माळावर आरामात पोचतो. पण हे यंत्र 433 मेगाहर्ट्झवर चालतं. तरंगाची लांबी सुमारे 69 सेंटिमीटर, त्याचा चौथा भाग म्हणजे साडेसतरा सेंटिमीटरच्या आत-बाहेर अँटेनाची तार. मातीची कोरडी भिंत त्याला फार अडवत नाही. ओली भिंत अडवते. स्लॅबमधल्या सळया अडवतात. पत्र्याचं दार तर आरशासारखं परतवतं. त्यात मी रिसीव्हर लावला होता पॅनेलच्या शेजारी, दिसायला बरा दिसतो म्हणून. आणि पॅनेल कुठे, तर धानाच्या पत्र्याच्या कोठीमागे! शिवाय बटण गळ्यात असलं की माणसाचं शरीरही सिग्नल खातं. आपण बहुतांशी पाणीच ना.

रिसीव्हर काढून सपरीच्या लाकडी आड्यावर उंच लावला, तार उभी केली, कोठीपासून लांब. परत न्हाणीत. उभ्याने दाबलं: पोचलं. बसून: पोचलं. मग लक्षात आलं की पडलेला माणूस उभ्याने दाबणार नाही.

दार ओढून घेतलं आणि न्हाणीच्या फरशीवर आडवा झालो. कुशीवर, हात अंगाखाली, बटण छातीशी. दाबलं. सायरन नाही. फरशी गार होती. तिथून पत्र्याच्या दाराच्या खालची चार बोटांची फट दिसते आणि फटीतून तुळशीची कुंडी. दीड तास बाबांना हेच दिसलं असणार. मी पुन्हा दाबलं. पुन्हा नाही.

दार वाजलं. बाबा.

"काय करून राहिला बाबू?"

"रेंज पाहतोय."

त्यांनी दार उघडलं, मला खाली पडलेला पाहिलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चोर न्हाणीतून येते का?"

मी उठून बसलो. काय सांगणार?

"मी असा नोहतो पडलो," ते म्हणाले. "डोकं तिकडे होतं. नळाकडे."

मग मी डोकं नळाकडे करून निजलो आणि ते बाहेर सायरन ऐकायला उभे राहिले. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ते काम केलं. रिसीव्हर आणखी एक हात सरकवला. पत्र्याच्या दाराच्या वरची एक विट काढून तिथे जाळी बसवली, वारा खेळायलाही बरी. बाबा शिक्षक होते, त्यांनी वही काढली आणि प्रत्येक जागा, प्रत्येक बाजू, पाच वेळा दाबून किती वेळा पोचलं ते लिहिलं. नळाकडे डोकं: आधी पाचपैकी शून्य, मग दोन, शेवटी पाच. असा टेस्टर मला ऑफिसात मिळालेला नाही.

एक मुद्दा बाबांनीच काढला. अलार्म वाजला, काकू आल्या, पण दाराला आतून कडी असेल तर? मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाच्या न्यूयॉर्कच्या एका नर्सने 1966 साली घराच्या सुरक्षेच्या यंत्रणेसाठी पेटंटचा अर्ज केला, 1969 ला ते मिळालं. कॅमेरा, घरातला टीव्ही आणि मदत बोलवायचं बटण हे तर त्यात होतंच, पण आत बसून दाराचं कुलूप उघडायचीही सोय होती. मी हे मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. बाबांनी ऐकून घेतलं, मागच्या दाराची आतली कडी स्क्रूड्रायव्हरने काढून टाकली, बाहेरून-आतून चालणारं कुलूप लावलं आणि एक किल्ली काकूंना दिली. खर्च कुलपाचा.

झोन अकरा दाबला की आता सायरन वाजतो आणि पॅनेल आधी काकूंना, मग पवनीच्या चुलतभावाला, मग मला फोन लावतं. बटण गळ्यात घालायला मात्र बाबा तयार नाहीत. "बैलाच्या गयात घंटी" म्हणतात. बंडीच्या खिशात ठेवतात आणि आंघोळीला जाताना न्हाणीत खाली, हाताला येईल अशा उंचीवर ठोकलेल्या खिळ्याला टांगतात. त्या खिळ्याची उंची त्यांनी स्वतः निजून ठरवली. मी तेवढ्यावर समाधान मानलं. निघताना कीपॅडशेजारी कागद चिकटवला: दर महिन्याच्या एक तारखेला टेस्ट करणे.

परवा एक तारीख होती. सकाळी मीटिंगमध्ये होतो, फोन वाजला, पॅनेलचा नंबर. यांत्रिक आवाज, झोन अकरा. कागदबिगद काही आठवलं नाही. बाहेर पळालो. बाबांचा फोन लागला, कोणी उचलला नाही. काकूंचा एंगेज. चुलतभावाचा एंगेज. तिसऱ्यांदा लावल्यावर बाबांनी उचलला.

"काय झालं?"

"काही नाही. टेस्ट. तूच लिहून ठेवलं ना?"

मला बोलता येईना.

"काकू दोन मिनिटांत आल्या," ते म्हणाले. मागे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "पवनीहून फोन चार मिनिटांनी. तुझा नऊ मिनिटांनी. लिहून ठेवलं आहे."