सहा मिनिटं

सीओपीडीच्या पेशंटला नळीत जोरात फुंकायला लावतात. यंत्र आकडा देतं. पण घरी गेल्यावर माणसाला फुंकायचं नसतं, चालायचं असतं! एकच आकडा असलेल्या दोघांपैकी एकजण भाजी घेऊन येतो आणि दुसऱ्याला आंघोळ करून अंग पुसतानाही धाप लागते.

म्हणून चालण्याची चाचणी आली. १९७६ साली ती बारा मिनिटांची होती. धापणाऱ्या माणसाला बारा मिनिटं म्हणजे शिक्षाच! १९८२ साली सहा मिनिटांवरही काम भागतं असं दिसलं, आणि पुढे तीच रूढ झाली.

साधन काय, तर तीस मीटरचा सपाट व्हरांडा, दोन शंकू, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि घड्याळ. सहा मिनिटांत जमेल तितकं चालायचं. दम लागला तर थांबा, भिंतीला टेका. घड्याळ मात्र चालूच. शेवटी धाप किती लागली हे शून्य ते दहामध्ये सांगायचं.

यातला एक नियम मला फार आवडतो. तपासणाऱ्यानं पेशंटच्या बरोबरीनं चालायचं नाही, नाहीतर पेशंट त्याच्या वेगानं चालू लागतो.

माझ्या मावशीनं कधी बिडीला हात लावला नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे बसली, लाकडं आणि गोवऱ्या फुंकत. ती चाचणीत २९० मीटर चालली, एकदा थांबून. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, माझ्या चालीनं चाल म्हणणारं आज पहिल्यांदा कुणी भेटलं."

आठ आठवडे शिकवलेले व्यायाम केल्यावर ३३० झाले. चाळीस मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण साधारण तीस मीटरचा फरकही पेशंटला जाणवण्याइतका मानतात. मावशीच्या हिशेबात तो फरक म्हणजे कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ.

मला वाटतं, या आजाराची खरी लबाडी इथेच आहे. माणूस आधी देऊळ सोडतो, मग बाजार, मग अंगण. आणि विचारलं की म्हणतो, "बरं आहे की!" खोटं नसतं ते. चालतच नाही, तर धाप कशी लागणार?

असो. चाचणी दवाखान्यातच करावी. पण घरात कुणी असं असेल तर "बरं आहे ना?" एवढ्यावर थांबू नका. "गेल्या वर्षी कुठपर्यंत जात होतात?" हेही विचारा.